एकाच वजनात

रविवार, ७ जुलै २०२४

माझं वजन ६६ किलो १००. महेबूबचं ७६ किलो ४००.

त्रेसष्टाव्या वर्षी डायरी लिहायला घेतली म्हणून यशोदा हसली. "आत्मचरित्र का?" म्हणाली. मी म्हटलं, ट्रेनिंगची नोंद. तिने तोंडाला पदर लावला आणि आत गेली. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण हिने मला बॉक्सर म्हणून अजून एकदाही गंभीरपणे घेतलेलं नाही.

तर झालं असं. येत्या पंधरा डिसेंबरला आमच्या बॉक्सिंग क्लबला पन्नास वर्षं पूर्ण होतायत. आज मीटिंगमध्ये सनीने, म्हणजे आताच्या कोचने, टूम काढली की जुन्या खेळाडूंची एक प्रदर्शनी लढत ठेवू. एकेका मिनिटाच्या तीन फेऱ्या, डोक्याला गार्ड, हातात उशीएवढे ग्लोव्हज, जोरात कोणी मारायचं नाही. आणि सगळ्यांनी एकदम आमच्या दोघांकडे पाहिलं.

का पाहिलं तेही लिहून ठेवतो. मी आणि महेबूब एकाच वर्षी क्लबात आलो, एकोणऐंशीला. मी कायम साठ किलोत लढलो, तो एकाहत्तरमध्ये. मधे दोन वजनगट. त्यामुळे जिल्ह्याला, राज्याला एकमेकांचे टॉवेल धरले, पाण्याच्या बाटल्या धरल्या, पण समोरासमोर कधी उभे राहिलो नाही. "तुम्ही दोघं लढला असतात तर कोण जिंकलं असतं रे?" हा प्रश्न आमचे कोच केरू सर यांनी एकदा सहज विचारला. सर जाऊन बारा वर्षं झाली. प्रश्न काही गेला नाही.

दर रविवारी सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, आम्ही क्लबातल्या सरांच्या लोखंडी काट्यावर वजन करतो आणि मग नाशिकरोडच्या टपरीवर चहा पीत एक मॅच खेळतो. तोंडानेच. आधी वर्ष ठरवायचं. पंच्याऐंशीचा मी विरुद्ध अठ्ठ्याऐंशीचा तू. मग तीन गोष्टी मांडायच्या: वय, वजन, अनुभव. मग भांडायचं. माझं म्हणणं, वजन हेच सगळं. अकरा किलो जास्त असलेला गडी नुसता अंगावर रेलला तरी तुमचे पाय जातात. महेबूबच्या एक्केचाळीस लढती झालेल्या, माझ्या सत्तावीस, म्हणून त्याचं घोडं अनुभवावर अडलेलं. केरू सरांचं वाक्य तो तोंडावर फेकतो: "पहिली फेरी वजन लढतं, दुसरी वय लढतं, तिसऱ्या फेरीला फक्त अनुभव उभा राहतो."

गेल्या पाच वर्षांतल्या मॅच मी एका वहीत लिहून ठेवल्यात. मी एकशे बारा जिंकल्यात, तो एकशे नऊ. निकाल मीच लिहितो म्हणून असं आहे, असं त्याचं म्हणणं.

आज मी अट घातली. लढायचं तर एकाच वजनात. सदुसष्ट किलो. मी आहेच, तू खाली ये.

"सावळ्या, साडेनऊ किलो उतरवायला मी काय नवरदेव आहे का?" महेबूब म्हणाला. पण हो म्हणाला.

रविवार, २१ जुलै

मी ६६. महेबूब ७५ किलो १००.

सुरुवात बरी आहे. मी त्याला पाठीवर थाप मारली तर म्हणाला, "काटा झूठ नाय बोलत यार." सकाळी उठून गोदापार्कवर चालतोय म्हणे. हा माणूस द्वारका चौकातल्या त्याच्या गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानातून समोरच्या चहावाल्याकडेही स्कूटरवर जातो. पण वजन उतरलंय हे खरं.

रविवार, ४ ऑगस्ट

महेबूब ७३ किलो ८००. मी अर्धा किलो वाढलो. काल यशोदाने पुरणपोळ्या केल्या होत्या, माझा इलाज नव्हता.

त्याला गुपित विचारलं. म्हणाला, "सुरय्याने भाकरी बंद केली माझी. रात्रीचं जेवणच बंद." मी घरी येऊन यशोदाला म्हटलं, बघ, शीक जरा सुरय्याभाभींकडून, नवऱ्याच्या खेळासाठी बाई किती करते. यशोदाने मला दुपारी जेवायलाच दिलं नाही. म्हणाली, तुमच्या खेळासाठी.

रविवार, १८ ऑगस्ट

महेबूब ७२ किलो २००.

आजची मॅच वेगळी झाली: यशोदा विरुद्ध सुरय्याभाभी. वयात दोघी सारख्या. वजन आम्हाला माहीत नाही आणि विचारायची हिंमत दोघांतही नाही. अनुभव, दोघींनाही नवरा सांभाळण्याचा भरपूर. महेबूब म्हणाला, पहिल्याच फेरीत दोघी मिळून रेफ्रीला मारतील. मी वहीत 'अनिर्णित' लिहिलं.

हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली, थांबेना. डोळ्यांत पाणी आलं. सीट कव्हरच्या दुकानात दिवसभर ते रेक्झिन चिकटवायचं सोल्युशन नाकात जातं, दुसरं काय होणार. मी म्हटलं, दुकानात पंखा लाव. म्हणाला, लावतो.

रविवार, १ सप्टेंबर

महेबूब ७० किलो ६००!

एकाहत्तरच्या खाली! हा आकडा त्याने शेवटचा एकोणनव्वदला पाहिला असेल. मी काट्यापुढे अक्षरशः नाचलो. सनीची पोरं-पोरी दोरीच्या उड्या थांबवून बघायला लागली. महेबूब काट्यावरून उतरून पायरीवर बसला आणि माझ्याकडे बघून हसत राहिला. शर्ट पाठीला चिकटला होता. व्यायाम न करताच एवढा घाम? मी त्याला म्हटलं, हे उत्तम लक्षण आहे, अंगातलं पाणी निघतंय. सांगितलं, आता प्लास्टिकचं जाकीट घालून चालायला जा, म्हणजे आणखी निघेल.

वजन उतरवणं काय असतं ते आमच्यासारख्यांनाच ठाऊक. स्पर्धेच्या आदल्या दिवशी चारशे ग्रॅमसाठी आम्ही थुंकून थुंकून डबे भरलेत, केस कापलेत. बाकी लोक एकमेकांना 'तब्येत सुधारली' म्हणतात. आम्ही 'उतरला' म्हणतो आणि मिठी मारतो.

बुधवार, ११ सप्टेंबर

आज द्वारकेला काम होतं म्हणून महेबूबच्या दुकानात डोकावलो. सकाळचे अकरा, आणि साहेब शिलाई मशीनवर डोकं टेकून झोपलेले. असा ओरडलो की दचकून उठला. कमी खाण्याने झोप येते, ते मला माहीत आहे, पण दुकान उघडं टाकून?

पट्ट्याला आरीने तीन नवी भोकं पाडलीत त्याने. चौथ्याची खूण पण करून ठेवलीय.

लढतीसाठी तो दोन झगे शिवतोय, सॅटिनचे, पाठीवर नाव. रिंगचा एक कोपरा लाल, एक निळा. मी म्हटलं, निळा माझा, त्यावर चर्चा नको. तो म्हणाला, "घे बाबा, तुझ्याशी रंगावरून कोण भांडेल?" माझं माप घेतलं. त्याचं माप कोण घेणार म्हणून टेप मी हातात घेतली. छाती चौतीस भरली. त्याची छाती चाळीस होती. मी म्हटलं टेप तुझी जुनी आहे, ताणली गेलीय. म्हणाला, असेल.

रविवार, २२ सप्टेंबर

महेबूब ६६ किलो ९००. मी ६६ किलो ३००.

आलो. पंचेचाळीस वर्षांनी एका गटात आलो. पंचेचाळीस वर्षं!

घरी येऊन जरा रडलो. यशोदाला म्हटलं कांदा. घरात कांदा चिरलेला नव्हता.

रविवार, २९ सप्टेंबर

आज पहिला सराव. सनीने गार्ड घातले, ग्लोव्हज बांधले. घंटा झाली तेव्हा छाती धडधडत होती, लग्नातही एवढी धडधडली नव्हती.

महेबूबचे पाय अजून छान आहेत. पण हात खाली येत होते. दुसऱ्या मिनिटाला त्याचा डावा खाली आला आणि माझा डाव्या हाताचा जॅब गेला सरळ, हनुवटीच्या वर. हलकाच. तो दोरीला टेकला, खोकला आणि टॉवेल तोंडाला लावला. टॉवेलवर रक्त. ओठ फुटला म्हणाला. सनीने लगेच थांबवलं आणि मला झापलं, काका, जोरात मारायचं नाही ठरलं होतं ना.

मी माफी मागितली. पण इथे खरं लिहायला हरकत नाही. घरी येताना रिक्षात मी उजव्या हाताने डावी मूठ दाबत होतो आणि मला हसू येत होतं. त्रेसष्टाव्या वर्षी माझ्या जॅबने महेबूब शेखच्या तोंडातून रक्त काढलं. वहीत पान भरून लिहिलं.

रविवार, ६ ऑक्टोबर

मी ६५ किलो ८००. महेबूब ६५ किलो १००.

आता काय म्हणायचं याला? हा माझ्या खाली गेला. सदुसष्ट ठरलं होतं, याला थांबायला काय झालं?

चहाच्या टपरीवर चहा न घेता बसला. मी विचार करत होतो आणि मग डोक्यात प्रकाश पडला. हा मुद्दाम करतोय. मला जड ठेवायचं, आपण हलकं व्हायचं, वयाने वर्षभर मोठा तर आहेच, आणि मग तिन्ही फेऱ्या जिंकून दाखवायचं की बघ, वय माझ्या विरुद्ध, वजन माझ्या विरुद्ध, फक्त अनुभव माझा. म्हणजे चाळीस वर्षांचा वाद कायमचा मिटला. केवढा आतल्या गाठीचा माणूस!

मी तोंडावर बोललो तसं. त्याने रुमालाने कपाळ पुसलं. मग म्हणाला, "पकडलंस सावळ्या."

मी चिडून लवकर निघालो. आजची मॅच झाली नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

महेबूब आला नाही. फोनवर म्हणाला दिवाळीच्या गाड्यांचं काम आहे. एकट्याने वजन केलं. ६६. काट्यावर एकटं उभं राहायला कसंतरीच वाटतं. कालच्या धम्मचक्र दिनाची खीर त्याच्यासाठी डब्यात नेली होती, ती सनीने खाल्ली.

मागच्या रविवारी मी जरा जास्तच बोललो.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

घडलं तसं लिहितो.

सकाळी दहाला दार वाजलं. सुरय्याभाभी. एकट्या. या बाई कधी एकट्या आमच्याकडे आलेल्या नाहीत. यशोदाने पाणी दिलं, ते हातातच धरून बसल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, मी कधी तुमच्या खेळाच्या मधे आले नाय. पण आता पाया पडते. यांना जेवायला सांगा."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तुम्हीच डाएट दिलंय ना? भाकरी बंद, रात्रीचं जेवण बंद. मी ताट वाढते, हे म्हणतात सावळीरामने सांगितलंय, मॅच होईपर्यंत नाय. तीन महिने झाले भाऊ. कपडे हँगरला लावल्यासारखे दिसतात अंगावर."

मी म्हटलं, "भाभी, मी नाही दिलं डाएट. तो तर म्हणाला तुम्ही भाकरी बंद केलीत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे. यशोदा दोघांकडे. मग यशोदाच बोलली, आणि हळू बोलली, "अहो, म्हणजे महेबूबभाऊंची भूकच गेलीय."

खोकला. मशीनवरची झोप. घाम. संध्याकाळी अंग तापतं, भाभी म्हणाल्या, मी विचारलं तर म्हणतात गरमी आहे. टॉवेल. तो टॉवेल.

मी यशोदाला म्हटलं चप्पल कुठंय. ती माझ्या पायातच होती.

शनिवार, १९ ऑक्टोबर

परवाच आम्ही तिघांनी मिळून त्याला दुकानातून उचललं. तो मशीनवर कापड टाकून आला. छातीचा एक्स-रे झाला, आज थुंकी तपासायला दिली. तिथल्या काट्यावर ६२ किलो ७००. पोरसवदा डॉक्टरने विचारलं, "एवढं वजन कमी झालं, घरात कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

मी म्हटलं, "माझ्या आलं होतं. मी दर आठवड्याला लिहून ठेवलंय."

तो समजला नाही. बरं झालं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

टीबी. उजव्या फुप्फुसात, बराच पसरलाय. उद्यापासून गोळ्या, सहा महिने, एकही दिवस न चुकता. पहिले काही आठवडे जवळ बसायचं नाही, तोंडाला मास्क. भाभींचा आणि माझाही एक्स-रे काढला. दोघांचेही साफ.

डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, शरीर फार खालावलंय, वयही आहे. बरा होणारा आजार आहे, पण पुढचे दोन महिने महत्त्वाचे. 'पण'च्या आधीचं वाक्य मी मनात धरून ठेवलंय.

२९ सप्टेंबरचं पान फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही. राहू दे. मी किती शहाणा आहे ते मला कधीमधी वाचायला मिळालं पाहिजे.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

त्याच्या घरी गेलो. तो आतल्या खोलीत खिडकीशी, मी बाहेर गॅलरीत स्टुलावर. मधे खिडकीचे गज.

मी म्हटलं, "तुला कधी कळलं?"

"जूनमधेच." तो म्हणाला. "खोकला ओळखीचा होता रे. अब्बांचा असाच होता. मालेगावात मागावर बसायचे, तिथून आवाज घरापर्यंत यायचा. मी दहा वर्षांचा होतो. औषध मीच आणायचो. चार महिन्यांत त्यांना बरं वाटायला लागलं, तर बंद केलं. कामावर गेले. वर्षाच्या आत खलास."

"मग बोलला का नाहीस गाढवा?"

"भीती वाटली. तपासलं की नक्की होईल असं वाटलं. आणि..." तो थांबला, खोकून झालं, मग हसला. "तू इतका खूश होतास सावळ्या. रविवारी काट्यापुढे नाचायला लागलास. म्हटलं, आयुष्यभर हा एका वजनात यायची वाट बघतोय. डिसेंबर गाठू. एक मॅच होऊन जाऊ दे याची."

मी गजांतून हात आत घातला, तर तो ओरडला, "लांब हो! डॉक्टरनी सांगितलंय ना?" मी लांब झालो. पंचेचाळीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा मागे सारलं, आणि तेही माझ्याच भल्यासाठी. सांगूनच टाकतो इथे, मला त्याच्याइतकं जवळचं कोणी नाही. यशोदालाही हे माहीत आहे आणि तिची हरकत नाही.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज भाभी गॅलरीत येऊन माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "तुमची ती वही आहे ना, त्यात एक मॅच लिहाल?"

मी म्हटलं, "कोणाची?"

"यांची आणि या बीमारीची. तुम्ही तीन गोष्टी बघून सांगता ना कोण जिंकणार. सांगा मला. पण तोंडदेखलं नाय. जशा त्या खेळता तशी."

वही पिशवीत होतीच. मी पान काढलं आणि रकाने आखले. वय: चौसष्ट. विरुद्ध. वजन: बासष्ट सातशे आणि अजून उतरतंय. विरुद्ध. मग पेन थांबलं. दोन्ही फेऱ्या गेल्या होत्या. भाभी पेनाकडे बघत होत्या.

"अनुभव," मी म्हटलं, "तर हा आजार त्याला नवीन..."

"नवीन कसा?" भाभी म्हणाल्या. "दहाव्या वर्षी बापाच्या उशाशी बसलेत हे. गोळी बंद केली की काय होतं ते यांच्याएवढं डॉक्टरला पण नाय माहीत."

मी लिहिलं. अनुभव: महेबूबच्या बाजूने. निकालाची जागा रिकामी ठेवली. या वहीत मी कधी निकाल रिकामा ठेवला नव्हता. भाभींनी तो रकाना पाहिला आणि चहा करायला आत गेल्या.

रविवार, १० नोव्हेंबर

महेबूब ६१ किलो ९००. मी ६६ किलो २००.

आता रविवारचं वजन त्याच्या घरी होतं. केरू सरांचा काटा मी आणि सनीने रिक्षात घालून वडाळा नाक्याला आणला. रिक्षावाला म्हणाला, भंगारात देताय का? मी त्याच्याकडे असं बघितलं की पुढे तो बोललाच नाही.

काटा अजून खालीच चाललाय. पूर्वी मी या आकड्यांवर नाचत होतो.

गोळ्या देणाऱ्या लताबाई येऊन गेल्या. त्यांच्याकडून कळलं, या आजारात गोळ्याही वजनगटावर असतात. पन्नास ते चौसष्ट किलोवाल्याला रोज चार, पासष्टच्या वर पाच. महेबूब खिडकीतून म्हणाला, "घ्या! इथे पण गट." मला हसू आलं, पहिल्यांदाच, सतरा ऑक्टोबरनंतर.

रविवार, २४ नोव्हेंबर

६१ किलो ९००. उतरलं नाही. थांबलं. भाभींनी दोनदा वजन करायला लावलं.

संध्याकाळचा ताप गेलाय. आज अर्धी भाकरी मागून घेतली त्याने. हे लिहिताना 'भाकरी' शब्दाखाली रेघ मारतोय.

रविवार, १५ डिसेंबर

क्लबाचा सुवर्णमहोत्सव झाला. सनीने माझ्यासाठी देवळालीचा एक रिटायर्ड फौजी शोधला होता, नेमका सदुसष्ट किलोचा. मी नाही म्हटलं. तो बिचारा ग्लोव्हज घेऊन आला होता, त्याला जेवू घातलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून महेबूब आला. ६३ किलो १००. लाल झगा घालून आला, आत दोन स्वेटर घातले तरी झगा सैलच. मी निळा घातला. आम्हाला रिंगशेजारी खुर्च्या टाकून पोरांच्या लढतींचे पंच म्हणून बसवलं. अकरा लढती झाल्या, अकराही निकालांवर आम्ही भांडलो. शेवटी सनीने आमच्या दोघांच्या चिठ्ठ्या घेणंच बंद केलं.

जाताना महेबूब म्हणाला, "आपली मॅच राहिली रे." मी म्हटलं, तू गोळ्या खा.

रविवार, १९ जानेवारी २०२५

महेबूब ६५ किलो ४००!

लताबाईंनी पाकीट बदललं. चारच्या पाच झाल्या. महेबूबने पाची गोळ्या तळहातावर घेऊन मला दाखवल्या, एखादं मेडल दाखवावं तशा. "गट बदलला," म्हणाला. भाभी ओट्याशी आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, बराच वेळ वळल्याच नाहीत.

रविवार, ९ मार्च

६८ किलो ३००. रमजान सुरू आहे. त्याला रोजे धरायचे होते. आयुष्यात एकही सोडला नाही म्हणे. आता तर ठणठणीत वाटतंय, खोकला नाही, भूक लागते, मग काय हरकत?

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी वही काढून २४ ऑक्टोबरचं पान त्याच्यापुढे ठेवलं आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हटलं, तुझे अब्बा कधी थांबले होते? बरं वाटायला लागल्यावर ना?

त्याने पान वाचलं. रिकामा निकाल पाहिला. मग भाभींना म्हणाला, "नाश्ता आण." त्याच्या वाटचे रोजे माफ आहेत, बरा झाल्यावर भरून काढता येतात, असं मौलानाही म्हणाले होते. पण याने ऐकलं ते वहीचं. मला वहीचा फार अभिमान वाटला.

रविवार, २७ एप्रिल

सोमवारी शेवटची गोळी झाली. गुरुवारी थुंकीचा रिपोर्ट आला, साफ. एक्स-रेवर एक डाग राहिलाय, तो जुन्या जखमेचा, तसाच राहणार.

आज सकाळी काटा परत क्लबात नेला, त्याच्या जागेवर ठेवला, आणि सात वाजता, उपाशीपोटी, वजन केलं. आधी मी. ६६ किलो. मग महेबूब चढला. मी लोखंडी वजन दांडीवर पुढे सरकवत गेलो. सत्तरला दांडी वर. एकाहत्तरला वर. एकाहत्तर दोनशेला ती मधोमध थांबली.

७१ किलो २००. माझ्या गटात नाही. मधे पुन्हा पाच किलोंची भिंत, पंचेचाळीस वर्षं होती तशी. आमची मॅच आता काही होत नाही. मी त्या काट्यापुढे इतका नाचलो की कंबर धरली, आणि महेबूब वरून म्हणाला, "अरे, मला उतरू तर दे."

टपरीवर त्याने चहा घेतला. दोन खारी खाल्ल्या, माझ्यातली अर्धी पण खाल्ली. मी वही काढली, २४ ऑक्टोबरचं पान उघडलं आणि निकालाच्या रकान्यात लिहिलं: महेबूब शेख, तिसऱ्या फेरीत, अनुभवावर. त्याने वाचलं आणि वही मिटून खाली ठेवली. मग नाक पुसून म्हणाला, "म्हणजे मानलंस? अनुभव मोठा?"

"या एका मॅचपुरतं," मी म्हटलं.

"मग मी एकशे दहा झालो."

"झालास."

"आता तू वर ये सावळ्या. एकाहत्तरमध्ये. मी काही आता खाली येत नाय."

नको येऊस बाबा, मी मनात म्हटलं. कधीच येऊ नकोस.

यशोदाला सांगितलंय, उद्यापासून मला एक भाकरी जास्त.